फॉरमॅट मारायच्या आधी

पोरी, जुन्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला प्रोग्रॅम नव्या मशीनवर हँग व्हायला लागला, की चहूकडून एकच सल्ला येतो, फॉरमॅट मार. विकणारा तेच सांगतो, ओळखीतला इंजिनियर मुलगाही तेच सांगतो. तू तो सल्ला सगळ्यात शेवटी ठेव. फॉरमॅटने दुखणं कधीकधी जातं, पण ते कशामुळे होतं हे कळत नाही. मग तोच प्रिंटर, तेच फाँट, त्याच सेटिंग पुन्हा चढवल्या की दुखणंही पुन्हा हजर. तेवढ्यात लग्नपत्रिकांची तारीख टळलेली असते आणि एखादी फाइल कायमची गेलेली असते.

विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून डीटीपी सेंटरांत, सीएंच्या ऑफिसांत, शाळांच्या कार्यालयांत विंडोज ११ ची नवी मशीन आली आणि जुने प्रोग्रॅम त्यांच्यावर चढवले गेले. तुझ्यासमोर आज जे उभं आहे ते पुष्कळांसमोर आहे. म्हणून तुझ्या मावशीने डीटीपीच्या टेबलावर बसून जे हाताने शिकलं, ते तुला सविस्तर सांगते.

कामाला हात घालण्याआधी चालू कामाची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घे. नंतर जे काही करून बघायचं ते बघ. हा नियम मी कुणासाठी मोडत नाही, तूही मोडू नकोस.

आता मुद्द्याचं. हँग झालेला प्रोग्रॅम बहुतेक वेळा मेलेला नसतो, तो कुणाची तरी वाट बघत असतो. आपण माऊस हलवला, कळ दाबली, की विंडोज त्या प्रोग्रॅमच्या खिडकीला निरोप धाडतं. पाच सेकंद तिने एकही निरोप उचलला नाही, की विंडोज खिडकीवर पांढुरकी झाक आणतं आणि वरच्या पट्टीत ‘नॉट रिस्पाँडिंग’ लिहितं. फक्त पाच सेकंद! तीनशे पानांचं पुस्तक उघडताना किंवा मोठा फोटो फिरवताना पाच सेकंद सहज जातात. त्यामुळे ती अक्षरं दिसली की लगेच खिडकी बंद करू नकोस. माऊसवरचा हात काढ आणि दोन-तीन मिनिटं थांब. रागाने मारलेली प्रत्येक क्लिक रांगेत जाऊन बसते आणि प्रोग्रॅम शुद्धीवर आला की त्या सगळ्या क्लिका एकामागून एक अंगावर येतात.

थांबूनही हलला नाही, तर अडकलंय कोण ते बघ. कॅप्स लॉकची कळ दाब. तिचा दिवा लागत-विझत असेल आणि माऊसचा बाण फिरत असेल, तर मशीन जागं आहे, अडकलाय तो प्रोग्रॅम. दिवा ढिम्म आणि बाणही ढिम्म असेल, तर प्रकरण प्रोग्रॅमच्या खाली, ड्रायव्हरमध्ये किंवा यंत्रात आहे. या एका कळीने अर्धा दिवस वाचतो, कारण दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

मशीन जागं असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात अडकलेल्या प्रोग्रॅमच्या ओळीत सीपीयूचा आकडा वाच. तो शून्याला टेकलेला असेल तर प्रोग्रॅम वाट बघतोय. आकडा एकाच जागी चिकटून बसला असेल तर तो एखाद्या गणितात गरगरतोय. इथे फसायला होतं. आठ लॉजिकल प्रोसेसरच्या मशीनवर प्रोग्रॅमच्या कामाचा एकच धागा (थ्रेड) पूर्ण ताकदीने फिरत असला, तरी आकडा साधारण साडेबारा टक्केच दिसतो आणि सोळाच्या मशीनवर सहाच्या आसपास. लोक म्हणतात, सहा टक्के म्हणजे काहीच नाही. खरं तर तो प्रोग्रॅम जिवाच्या आकांताने फिरत असतो.

वाट बघत असेल तर कुणाची, हे विंडोजलाच विचारता येतं. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ या पानावर त्या प्रोग्रॅमवर उजवी क्लिक कर आणि ‘ॲनलाइझ वेट चेन’ निवड. ही सोय फार थोड्यांना माहीत आहे. तिथे ‘एसपीएलडब्ल्यूओडब्ल्यू६४’ असं विचित्र नाव दिसलं, तर थेट प्रिंटरकडे जा. ३२-बिट प्रोग्रॅमची ६४-बिट प्रिंटर ड्रायव्हरशी गाठ घालून देणारा हा मध्यस्थ आहे आणि आपले जुने प्रोग्रॅम जवळजवळ सगळे ३२-बिट.

प्रिंटरचा आणि हँग होण्याचा काय संबंध, असं नवख्यांना वाटतं. पानाची मांडणी करणारा प्रोग्रॅम कागदाचा आकार, समास, अक्षरांची रुंदी यासाठी डीफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरला विचारतो. छपाई करायची नसली तरी विचारतो. तो प्रिंटर बंद असेल, जुन्या ऑफिसात राहिला असेल किंवा नेटवर्कवर सापडत नसेल, तर जुन्या पत्त्यावर डबा घेऊन गेलेल्या माणसासारखा प्रोग्रॅम बंद दारापाशी ताटकळतो. त्यातच विंडोज १० आणि ११ मध्ये डीफॉल्ट प्रिंटर विंडोजनेच ठरवायची एक सेटिंग असते. ती चालू असली की ज्या प्रिंटरवर शेवटचं छापलं तोच डीफॉल्ट होतो. म्हणून ‘काल चाललं, आज नाही’ ही तक्रार ऐकली की माझी नजर आधी तिकडे जाते. सेटिंगमधल्या प्रिंटरच्या पानावर जाऊन ती बंद कर, ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ हा डीफॉल्ट ठेव आणि प्रोग्रॅम पुन्हा उघड. सुरळीत चालला तर चोर सापडला. मग प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून विंडोज ११ चा ड्रायव्हर आणून बसव. प्रिंटरबरोबर आलेली जुनी सीडी कपाटातच राहू दे.

दुसरा बंद दरवाजा नेटवर्कचा. जुन्या कॉम्प्युटरवरून सेटिंग जशाच्या तशा आणल्या की ‘अलीकडच्या फाइली’ या यादीत जुन्या सर्व्हरचे पत्तेही येतात. ‘ओपन’ म्हटलं की ते सगळे पत्ते धुंडाळले जातात आणि खिडकी गोठते. ‘धिस पीसी’मध्ये लाल फुली असलेला ड्राइव्ह दिसला तर तो तोडून टाक, यादी पुसून टाक. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ या आवृत्तीपासून तर बिनपासवर्डाचं शेअरिंग मुळातच नाकारलं जातं. तुमच्या ऑफिसातला सामाईक फोल्डर तसा असेल तर त्याला नाव आणि पासवर्ड द्या. सुरक्षेची ती कडी उलट काढून ठेवायचा सल्ला कुणी दिला, तर तो घेऊ नका.

तिसरा दरवाजा ढगातला. नवं मशीन सुरू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हमध्ये जाऊ शकतात, आणि गडबडीत ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करणाऱ्याला ते कळतही नाही. ज्या फाइलशेजारी ढगाचं चित्र आहे ती तुझ्या मशीनवर नाही. प्रोग्रॅम ती मागतो, ती इंटरनेटवरून खाली यायला लागते आणि लाइन मंद असली की प्रोग्रॅम थिजतो. पाच जीबीची मोफत जागा डीटीपीवाल्याच्या एका हंगामालाही पुरत नाही, ती भरली की नव्या फाइलींची ये-जा थांबते. चालू कामासाठी सी ड्राइव्हवर किंवा डी ड्राइव्हवर स्वतःचा साधा फोल्डर कर आणि तिथेच काम कर. वनड्राइव्ह वाईट नाही. पूर्ण झालेल्या कामाची प्रत तिथे खुशाल ठेव. चालू काम मात्र हाताशी हवं.

आता फाँट. हे आपल्या धंद्याचं खास दुखणं आहे, म्हणून इथे थोडी रेंगाळते. मराठी डीटीपीच्या प्रत्येक जुन्या मशीनवर फाँटचा डोंगर असतो. श्रीलिपीचे, आणखी कुणाचे, गिऱ्हाइकाने पेनड्राइव्हवर आणलेले, एकाच नावाचे तीन-तीन. नवं मशीन आलं की तो सगळा फोल्डर उचलून ‘फाँट्स’मध्ये ओततात. त्यात एखादा फाँट तुटका असतो. ज्या प्रोग्रॅममध्ये फाँटची यादी नमुन्यासह दिसते, तो प्रत्येक फाँट उघडून बघतो आणि तुटक्यापाशी आला की अडकतो. ओळखायची खूण अशी की प्रोग्रॅम उघडतो, टायपिंगही होतं, पण फाँटच्या यादीला हात लावला की संपलं.

हजार फाँटांतून तुटका शोधायला प्रत्येक तपासायची गरज नाही. अर्धे काढून बाजूला ठेव, प्रोग्रॅम चालव. चालला तर दोष बाजूला ठेवलेल्यांत, नाही चालला तर उरलेल्यांत. दोषी अर्ध्याचे पुन्हा अर्धे कर. दोनाचा दहावा घात १०२४ होतो, म्हणजे हजारातला एक दोषी फाँट दहा फेऱ्यांत हातात येतो. देवनागरीचे दिसतात म्हणून विंडोजच्या स्वतःच्या निर्मला, मंगल यांना मात्र हात लावू नकोस. ही अर्ध्याअर्ध्याने शोधायची रीत नीट शिकून घे. वर्डचे ॲड-इन, ब्राउझरची एक्स्टेन्शन, सुरुवातीला आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम, या सगळ्यांना ती लागू पडते.

जुन्या प्रोग्रॅमचं वय ओळखूनही वागावं लागतं. पेजमेकर ७ हा २००१ सालचा, आणि ॲडोबीने २००४ मध्ये त्याच्यावरचं काम थांबवलं. त्या काळचे कितीतरी प्रोग्रॅम आपल्या सेटिंग स्वतःच्या फोल्डरमध्येच लिहायचे. विस्टापासून ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये असं परस्पर लिहायला विंडोज मोकळीक देत नाही, आणि लिहिता न आल्याने प्रोग्रॅम गोंधळतो. असा प्रोग्रॅम सी ड्राइव्हवर वेगळा फोल्डर करून तिथे बसव. मग त्याच्या आयकॉनवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधलं ‘कम्पॅटिबिलिटी’चं पान उघड आणि जुन्या विंडोजची पद्धत निवडून बघ. लॅपटॉपचा पडदा दाट ठिपक्यांचा असेल तर तिथलीच ‘हाय डीपीआय’ची सेटिंगही बदलून बघ. मेनू अर्धवट रंगतात, डायलॉगची खिडकी पडद्याबाहेर उघडते आणि आपल्याला वाटतं प्रोग्रॅम अडकला. तसं वाटलं तर एकदा एस्केप दाबून बघ. पण १६-बिट प्रोग्रॅमच्या मागे वेळ घालवू नकोस, ६४-बिट विंडोजवर तो चालतच नाही. आणि माझं स्पष्ट मत विचारशील तर पेजमेकर आता फक्त जुन्या फाइली उघडण्यापुरता, इंटरनेट न जोडलेल्या जुन्या मशीनवर ठेवावा. नवं काम युनिकोडमध्ये आणि आजच्या प्रोग्रॅममध्येच कर, सुरुवातीला हात अडखळला तरी.

प्रोग्रॅमच्या सेटिंग बिघडल्या असतील तर त्या मूळ पदावर आणायच्या गुप्त कळा असतात. फोटोशॉप किंवा इनडिझाइन उघडता उघडता कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट दाबून धर. कोरलड्रॉला एफ८. वर्ड आणि एक्सेल कंट्रोल दाबून उघडलं की ते सेफ मोडमध्ये, ॲड-इनशिवाय उघडायचं का, असं विचारतात. हे करायच्या आधी आपले शॉर्टकट आणि कामाची मांडणी वेगळी सेव्ह करून ठेव, नाहीतर तीही जातात. याहून पक्की परीक्षा म्हणजे त्याच मशीनवर विंडोजचा नवा यूजर करायचा आणि तिथे तोच प्रोग्रॅम चालवायचा. तिथे चालला, तर प्रोग्रॅम, विंडोज आणि यंत्र तिन्ही बरे आहेत, दोष तुझ्या खात्यातल्या जुन्या सेटिंगमध्ये आहे.

यूएसबीचं लॉक, डिजिटल सहीचं टोकन, जुना स्कॅनर, हे सगळं उपटून एकदा प्रोग्रॅम चालवून बघ. लॉकशिवाय प्रोग्रॅम उघडणारच नसेल, तर त्या लॉकचा नवा ड्रायव्हर शोध. लॅपटॉपबरोबर चाचणीपुरता आलेला अँटिव्हायरस आणि दुकानदाराने वरून घातलेला दुसरा, असे दोन असतील तर एक काढ. दोन्ही काढलेस तरी विंडोजचा डिफेंडर आपोआप उभा राहतो, त्यामुळे भिऊ नकोस.

रिस्टार्टबद्दल एक गैरसमज घट्ट बसलाय. ‘मी रोज रात्री बंद करते’ असं तू म्हणशील. फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जसेच्या तसे निजवून ठेवले जातात आणि सकाळी तसेच उठवले जातात. कालचा बिघाडही त्यांच्याबरोबर उठतो. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर सीपीयूखाली ‘अप टाइम’ वाच, तिथे कित्येक दिवसांचा आकडा सापडेल. खरी नवी सुरुवात हवी असेल तर ‘रिस्टार्ट’च कर. आणि मशीन अगदी नवं असेल तर पहिले एक-दोन दिवस त्याला चालू ठेवून सगळे अपडेट उतरू दे. तोवर त्याला नावं ठेवू नकोस.

पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो, व्हिडिओत किंवा झूम करताना सगळं थबकतं, असं असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर बघ. ग्राफिक्स चिपने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज तिचा ड्रायव्हर स्वतःहून नव्याने सुरू करतं. तुलाही ते करता येतं. विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबलं की पडदा लुकलुकतो आणि कधीकधी न सेव्ह केलेलं काम त्याने वाचतं. परीक्षा म्हणून त्या प्रोग्रॅममधलं ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद कर. अडकणं थांबलं, तर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून ड्रायव्हर आण आणि ॲक्सिलरेशन परत चालू कर.

आणि आता कॅप्स लॉकही न हलणारं मशीन. एकमेकांशी संबंध नसलेले दोन-तीन प्रोग्रॅम अडकतात, आवाज एकाच सुरावर चिकटतो, तेव्हा यंत्रावर संशय घ्यायचा. असेंबल केलेल्या मशीनमध्ये रॅम जास्त वेगाने चालवायची ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्सपो’ नावाची सेटिंग बायोसमध्ये चालू करून देतात. ती बंद करून बघ. मेमटेस्ट८६ रात्रभर लाव, एकही चूक निघाली तरी ती रॅम त्या वेगाला भरवशाची नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांकडून गरजेहून जास्त व्होल्टेज मागितलं जाऊन अस्थिरता येत होती. कंपनीने २०२४ मध्ये ते मान्य केलं, मायक्रोकोडच्या सुधारणा दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्या सुधारणा बायोस अपडेटमधून येतात, पण आधीच झिजलेला प्रोसेसर त्यांनी बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. एएमडीच्या काही मशीनवर अधूनमधून सगळं क्षणभर अडखळायचं, त्याचं मूळ सुरक्षेच्या एफटीपीएम या भागात निघालं आणि २०२२ मध्ये त्यावरही बायोसमधूनच उपाय आला. म्हणून बायोसची तारीख बघायची सवय ठेव. बायोस अपडेट मात्र यूपीएसवरच कर, मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.

या सगळ्यात एका वेळी एकच गोष्ट बदल. प्रिंटर बदलला, फाँट काढले, ड्रायव्हर घातला, सगळं एका दुपारी केलं आणि प्रोग्रॅम चालला, तर कशाने चालला हे कोण सांगणार? टेबलावर एक वही ठेव. तारीख, वेळ, कोणती फाइल उघडी होती, शेवटची कळ कोणती, आज काय बदललं. विंडोजही आपली वही लिहीत असतं. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप केलंस की दिवसवार आलेख येतो, त्यात लाल फुलीवर क्लिक कर. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १००२ क्रमांकाची नोंद म्हणजे प्रोग्रॅम अडकला, १००० म्हणजे कोसळला. तुझ्या वहीतल्या वेळा त्या नोंदींशी जुळवून बघ. एखादा ड्रायव्हर किंवा अपडेट बसल्याच्या दुसऱ्या दिवसापासून फुल्या सुरू झालेल्या दिसतील.

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर मायक्रोसॉफ्टचं ‘प्रोसेस मॉनिटर’ हे मोफत साधन उतरव. मार्क रसिनोविच आणि त्यांच्या जोडीदाराच्या सिसइंटर्नल्समधून आलेल्या साधनांपैकी ते एक. प्रोग्रॅम कोणती फाइल, कोणती सेटिंग, कोणता पत्ता मागतोय, हे ते ओळीओळीने दाखवतं. ओळी धबधब्यासारख्या पडतात, घाबरू नकोस. फक्त आपल्या प्रोग्रॅमचं नाव गाळणीत घाल आणि तो अडकला त्या क्षणाच्या शेवटच्या ओळी वाच.

यंत्रच दोषी निघालं तर आठवडेच्या आठवडे झगडत बसू नकोस. मशीन नवं आहे, वॉरंटीत आहे. डेटा काढून घे, बिल आणि सिरियल नंबरचा फोटो काढून ठेव, वहीतल्या नोंदी आणि अडकलेल्या पडद्याचा व्हिडिओ घेऊन दुकानात जा आणि तक्रारीची पावती लेखी माग. ‘फॉरमॅट करून देतो’ म्हणाले तर, फॉरमॅटनंतरही अडकलं तर बदलून द्याल का, हे त्याच पावतीवर लिहून घे. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानेही भागलं नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तू राहतेस त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, मशीन मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून घेतलेलं असलं तरीही.